काळीज कुठं असतं

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. पाट्या नव्या लागल्या होत्या, नळ मात्र कोरडे होते. दुष्काळात मिळेल ते पाणी पिऊन माणसं पिवळी पडत होती आणि दवाखान्यातला काविळीचा वॉर्ड भरून गेला होता. तिथली आया धुरपताबाई तोंडानं फटकळ, पण हातानं मऊ. पुण्याहून आलेले तरुण डॉक्टर दामले यकृताच्या आजारावर संशोधन करत होते. ते प्रत्येकाला विचारायचे, "यकृत दुखतं का?" सगळे म्हणायचे, "न्हाई."

धुरपताबाई भडकली. "सायेब, यकृत कुनाच्या बापानं बघितलंय? बकऱ्याचं असतंय तसं काळीज म्हना की!"

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी लोह्याच्या साखराबाईला विचारलं, "काळीज दुखतं का?" तिनं पदर डोळ्यांना लावला आणि सासरचे नांदवत नव्हते त्या लेकीची कहाणी सुरू केली. पुढच्या तीन खाटांवरही तेच. डॉक्टर कोरा कागद घेऊन परतले.

मग धुरपताबाईनंच वाटणी केली. बरगडीखाली दाबून विचारायचं डॉक्टरांनी, बाकीचं ऐकायचं तिनं. दोन वर्षं असं चाललं. संशोधन पुरं झालं आणि डॉक्टरांची बदली झाली.

निघायच्या दिवशी ती वॉर्डाच्या दारात तोंड फिरवून उभी होती.

"काय होतंय, मावशी?"

"काळीज दुखायलंय."

डॉक्टरांचा हात सवयीनं तिच्या बरगडीकडे गेला. तिनं तो फटकन झटकला.

"तिथं न्हाई, येड्या."