ईनिडबाईंची दवंडी

ईनिड जन्मली तेव्हा तिचं रडणं नदीपलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू गेलं, असं तिचे वडील सांगत. वडील भाजीवाले. त्यांना आनंदच झाला, कारण बाजारात धंदा आवाजावर चालतो. बाकीच्या मार्केट पेलहॅम गावाला मात्र तो आवाज काही पेलला नाही. शाळेत गाण्याच्या बाईंनी तिला सांगून टाकलं, "तू नुसते ओठ हलव, बाळ." चर्चमध्ये तिच्या पुढच्या बाकावर कोणी बसत नसे. एकदा तिनं शेजारणीच्या कानात गुपित सांगितलं, तर दुपारपर्यंत ते पाद्र्यांनाही ठाऊक झालं होतं.

लग्न केलं तिनं क्लाइव्ह गार्बेटशी. क्लाइव्ह दगडाच्या खाणीत सुरुंग लावायचा, त्यामुळे विशीतच त्याचे कान अर्धे गेले होते. ईनिडचं बोलणं ज्याला गोड आणि मंजुळ वाटायचं असा जगात तो एकटाच माणूस. स्वतः तो फारसा बोलतच नसे. लग्नात पाद्र्यांनी तीनदा विचारलं तेव्हा कुठे त्याचा 'हो' ओठांबाहेर आला. ईनिडचा 'हो' ऐकून बाहेर बांधलेला घोडा बिथरला.

चौकातलं जुनं बाजारघर ओकच्या जाड खांबांवर उभं आहे. त्याच्या खाली, दर बुधवारी आणि शनिवारी, चाळीस वर्षं ईनिडनं भाजी विकली. तिथून दहा पावलांवर चौकातला दगडी क्रूस, आणि त्याच्या पायऱ्यांवर दर शनिवारी अकराला उभा राहायचा गावाचा दवंडीवाला, मेजर ऑब्री स्टॅनियर. लाल कोट, तीन टोकांची टोपी, हातात पितळी घंटा. फौजेतून निवृत्त झालेला, काठीसारखा ताठ माणूस. तो घंटा वाजवून म्हणायचा, "महाराणींच्या कृपेने, या प्राचीन नगरीत येणाऱ्या समस्त पाहुण्यांना," आणि नेमक्या त्याच वेळी मागून यायचं, "कोवळी लुसलुशीत गाजरं घ्या." पाहुणे खो खो हसायचे. मेजरचे कान कोटापेक्षा लाल व्हायचे.

"जरा हळू, मिसेस गार्बेट."

"हळू बोलून कोबी खपत नाही, मेजरसाहेब."

नऊ वर्षांत दोघांमध्ये याहून जास्त बोलणं झालं नाही.

मग ती जूनमधली जत्रा आली. सातशे वर्षांपूर्वी कुठल्याशा राजानं गावाला बाजार भरवायची सनद दिली, तिची ही जत्रा. त्या साली सात गावांच्या दवंडीवाल्यांची स्पर्धा आपल्या चौकात ठेवली होती. सकाळी नऊला ईनिड स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडत होती, तर समोर मेजर. उन्हाळ्यात गळ्याला लोकरीचा मफलर. तोंड उघडलं तर नुसती हवा बाहेर आली. त्यानं तिच्याच कागदी पिशवीवर लिहिलं: 'आवाज गेला. माझ्या जागी उभ्या राहाल का?'

ईनिड हसली. "सकाळी सकाळी थट्टा करायला मीच सापडले का?"

त्यानं पिशवी उलटी केली. 'थट्टा नाही. क्लनफर्डचा माणूस तीन वर्षं जिंकतो आहे. त्याच्या तोडीचा आवाज गावात तुमच्याशिवाय दुसरा नाही.' जरा थांबून त्यानं खाली बारीक अक्षरात लिहिलं: 'तुमच्यावर मात करायला नऊ वर्षं ओरडलो. म्हणूनच आवाज गेला.'

ईनिडनं ते दोनदा वाचलं. आयुष्यभर लोकांनी तिला गप्प राहायला सांगितलं होतं. ओरड म्हणून कोणी विनवायला आलं, हे पहिल्यांदाच घडत होतं.

"कोट आणा," ती म्हणाली.

कोट चढला पण गुंड्या लागेनात. क्लाइव्हनं कांद्याच्या पोत्याची सुतळी सोडून पोटावर बांधून दिली. टोपी तिच्या कुरळ्या केसांवर तरंगत राहिली.

अकराला चौक फुलून गेला. क्लनफर्डचा दवंडीवाला पहिला. पिंपासारखी छाती, गेंड्यासारखी मान. त्याच्या पहिल्या शब्दाला बेकरीच्या खिडकीची काच थरथरली. लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला. मग एकेक करत पाच जण झाले, आणि शेवटी ईनिड पायरीवर चढली.

तिनं घंटा वाजवली. चौक शांत झाला. इतका शांत, की नदीवरची बदकं ऐकू येऊ लागली. मेजरनं लिहून दिलेला कागद तिच्या हातात होता, त्यावर राजाचं नाव आणि सनदेची तारीख. तिनं तोंड उघडलं, आणि कोंबडीच्या पिलासारखं एक 'चीं' बाहेर पडलं.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा 'चीं'.

तिच्या लक्षात आलं की शांततेत बोलायची आपल्याला सवयच नाही. सारा जन्म गलक्यावर मात करण्यात गेला. इथे मात करायला काहीच नव्हतं. तीनशे माणसं कान देऊन उभी, आणि तिच्या घशात जणू बटाटा अडकलेला. क्लनफर्डचा माणूस मिशीतल्या मिशीत हसला. मेजरनं डोळे मिटले.

तेवढ्यात गर्दीच्या मागून एक घोगरा, अनोळखी वाटणारा आवाज आला.

"अगं ईनिड, बटाटे कसे दिलेस?"

सगळ्या माना वळल्या. तो क्लाइव्ह होता. तीस वर्षांत त्याचा आवाज कोणी चार हातांपलीकडे ऐकला नव्हता.

"तुला कशाला हवेत?" ईनिड गरजली. "घरी पोतंभर पडलेत."

चर्चच्या मनोऱ्यावरची झाडून सगळी कबुतरं एकदम उडाली. चौक हसून हसून वाकला, आणि त्या हसण्याचा गलका कानावर पडताच ईनिडचा गळा मोकळा झाला. कागद तिनं सुतळीत खोचून टाकला. एक हात कमरेवर गेला, आणि ती गाजरं विकायची तशी अख्खं गाव विकायला लागली.

"या हो ताई, या दादा. ताजं गाव, सातशे वर्षं मुरलेलं. चर्चचा मनोरा चढा, एकशे एकसष्ट पायऱ्या, वर गेलात तर वेल्सचे डोंगर दिसतात, गुडघे दुखले तर माझ्याकडे कोबीची पानं आहेत, बांधून देते. आत दगडाचा सरदार झोपलाय, त्याच्या नाकाला हात लावा, नशीब उघडतं. नाक पोरींनी झिजवून संपवलंय, तरी जागा तीच. वाकडं घर बघून घ्या, दोनशे वर्षं पडतंय, अजून पडलं नाही. बेकरीत आल्याची बिस्किटं आहेत, लाल वाइनमध्ये बुडवून खा, म्हणजे वाकडं घर सरळ दिसेल. पुलावर बदकांना पाव घालू नका, ती माजलीत, वाटाणे घाला, वाटाणे माझ्याकडे आहेत. आणि चर्चमागची अरुंद गल्ली, तिच्यातून सडपातळ माणसानंच जावं. क्लनफर्डच्या पाहुण्यांनी तर मुळीच जाऊ नये."

ती किती वेळ बोलली कोणास ठाऊक. तिच्या डोक्यात गिरक्या येत होत्या, पाय जमिनीवर आहेत की नाहीत तेही कळत नव्हतं. मनात येईल ते तोंडातून निघत होतं, आणि एवढी सगळी माणसं ते आनंदानं घेत होती, एकही जण 'हळू' म्हणत नव्हता. शेवटी श्वास संपला म्हणून ती थांबली.

परीक्षकांनी मोठ्या आवाजाचे सगळे गुण दिले. एक परीक्षक आवाज मोजायला पार पुलावर उभा होता, त्यानं सांगितलं की बटाट्यांचं पोतं घरी आहे इथपर्यंत त्यालाही समजलं. पण भारदस्तपणाला शून्य. एकूण चौथी. ढाल पुन्हा क्लनफर्डला.

फक्त ढाल देताना टाळ्या वाजवायला चौकात कोणी उरलं नव्हतं. सगळे मनोऱ्याच्या दाराशी रांगेत होते, नाहीतर बिस्किटांच्या. बाराच्या आत बेकरीवाल्यानं रिकामं तबक दाखवून हात जोडले. साडेबाराला बातमी आली की क्लनफर्डचा दवंडीवाला ढालीसकट गल्लीत अडकला आहे. बाईच्या शब्दाखातर मी मागे हटणार नाही, असं म्हणून तो आत शिरला होता. चीजवाल्यानं दोन शेर लोणी नेलं, चार जणांनी पुढून ओढलं, चार जणांनी मागून ढकललं, आणि तो बाटलीच्या बुचासारखा बाहेर आला. बाहेर येऊन पहिला हसला तो तोच. लोणी लागलेल्या हातानं ईनिडला सलाम करून म्हणाला, "बाई, पुढच्या वर्षी तुमच्या आधी मी उभा राहणार नाही, तुमच्यानंतर तर मुळीच नाही."

मेजर भाजीच्या दुकानाशी उभा होता. सकाळपासून गाजरांची गिऱ्हाइकं त्यानंच सांभाळली होती, खुणा करून. ईनिड कोट काढायला लागली, तसा त्यानं मान हलवली आणि पिशवीवर लिहिलं: 'राहू द्या. मला नेहमीच ढगळ व्हायचा.'

"आणि तुम्ही काय करणार, मेजरसाहेब?"

'लिहून देईन. तुम्ही वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे.'

तसंच झालं. पुढची चौदा वर्षं दर शनिवारी मेजर सुरेख अक्षरात एक कागद आणून द्यायचा, आणि ईनिड तो सुतळीत खोचायची.

पण त्या दिवशी आवराआवर झाल्यावर क्लाइव्हनं तिचा हात धरला आणि तो तिला जत्रेतल्या लाकडी घोड्यांच्या चक्राकडे घेऊन गेला. लग्नाआधी दोघं तिथे बसली होती, त्यानंतर कधी सवड झाली नव्हती. ती पांढऱ्या घोड्यावर, तो शेजारच्या काळ्यावर. बाजा सुरू झाला, घोडे वरखाली व्हायला लागले.

"एवढं ओरडायला कुठे शिकलास रे?" तिनं विचारलं.

"काय?" क्लाइव्ह म्हणाला.

तिनं पुन्हा विचारलं नाही. टोपी उडू नये म्हणून एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं चक्रवाल्याला खूण केली, की अजून एक फेरी, आणि ती झाली की अजून एक.