दुपारीच लिहिलेलं नाव

आमची आत्या पाट्या रंगवते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, कुणाच्या ‘कुत्र्यापासून सावध राहा’च्याही. पण तिचा जीव अडकलाय राज्याच्या सभागृहातल्या लाकडी फळ्यात. आमच्या राज्यातून देशाच्या संसदेवर जे जे निवडून गेले, त्यांची नावं तिथे सोनेरी अक्षरांत आहेत. आधी आजोबा लिहायचे, आता ती. एके काळी राज्याच्या तीन जागा होत्या. माणसं पोटापाण्यासाठी बाहेर गेली, दर जनगणनेला जागा घटत गेल्या आणि आता एकच उरलीय. फळ्यावर बाईचं नाव औषधालासुद्धा नाही.

रीत अशी, की निकालाच्या संध्याकाळी विजयी उमेदवार आधी फळ्यापुढे येतो. तोवर रंग वाळायला हवा. म्हणून आत्या दुपारीच मतमोजणीचा कल बघून नाव लिहून मोकळी होते. कधी चुकली नाही. चुकेल कशी? दर वेळी तेच साहेब निवडून यायचे!

या वेळी त्यांच्यासमोर एक मास्तरीण उभी होती. दुपारी साहेब बरेच पुढे होते. सभागृहाचे व्यवस्थापक म्हणाले, “लिहून टाका, ताई. पण घोळ नको हं, नाहीतर पुढचं काम छापखान्याला.”

आत्याने साहेबांचं नाव लिहिलं. शिडी मी धरली होती. मग खालच्या रेडिओवर अंतर घटायला लागलं आणि आत्याच्या तोंडचं पाणी पळालं.

“किती राहिलं गं?”

“कमी होतंय.”

“कमी म्हणजे किती?”

तिच्या हातात टर्पेंटाइनचा बोळा होता. मला तिच्याकडे बघवेना.

“पुसलं आणि तेच आले तर?”

“आणि नाही पुसलं तर?”

“गप्प बस तू!”

शेवटच्या फेरीत मास्तरीण निसटत्या मताधिक्याने जिंकली. आत्याने घाईघाईने बोळा फिरवला, पण अर्धवट वाळलेला रंग निघायच्या ऐवजी पसरला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि मास्तरीणबाई वर आल्या. व्यवस्थापकांचा चेहरा लालबुंद झाला. ते काही बोलायच्या आत आत्या शिडीवरून उतरली आणि बाईंसमोर उभी राहिली.

“बाई, मत मी तुम्हालाच दिलं. पण नाव त्यांचं लिहिलं. तुम्ही याल असं मला वाटलंच नाही हो.”

बाई त्या सोनेरी डागाकडे बघत राहिल्या.

“मला तरी कुठे वाटलं होतं?” त्या म्हणाल्या. “भाषण हरल्याचंच तयार करून आणलंय.”

मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली. “लिहा सावकाश. मी बसते.”