धाकटीला चकित करायचं होतं

पडदे शिवणाऱ्या ताईंना परदेशात कायमच्या वास्तव्याचं कार्ड मिळालं, तेव्हापासून जग आपल्याला मोकळं झालं अशी त्यांची पक्की समजूत. म्हणून दुसऱ्या देशात राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला न सांगता जाऊन थडकायचं त्यांनी ठरवलं. पाय जमिनीवर ठरत नव्हते. बॅगेत कपडे कमी आणि बहिणीच्या खिडक्यांसाठी शिवलेले पडदेच जास्त.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने कार्ड परत दिलं. "पासपोर्टवर तिथला व्हिसा नाहीये."

"अहो, पण मी इथली कायमची आहे."

"इथली. तिथली नाही. हे कार्ड दाखवून तुम्ही इथे परत याल, पण त्या देशाला तुमचा पासपोर्ट बघायचाय, आणि तो तुमच्या जुन्या देशाचा आहे."

ताई बॅग ओढत घरी परतल्या, तर नवरा सोफ्यावर पाय पसरून, टीव्ही मोठ्याने लावून बसलेला. "एवढ्यात वाढदिवस झाला?" त्याने विचारलं. ताईंना रडायचं होतं, पण हसूच फुटलं.

व्हिसा कार्यालयात कळलं की ज्यांच्याकडे जायचं, त्यांनी बोलावल्याचं पत्र लागतं. झालं, गुपिताचे बारा वाजले. ताईंनी फोन लावला. "मला बोलाव."

"कशाला गं?"

"काही विचारू नकोस. नुसतं बोलाव."

धाकटी जी खिदळायला लागली ती थांबेना. शेवटी दम खात म्हणाली, "बोलावते. पण मला काही माहीत नाही असं समजून ये. मी चकित व्हायची तयारी करते."

मुलाखतीत अधिकाऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. "परत याल कशावरून?"

"नाट्यगृहाचा पडदा माझ्या मशीनवर अर्धा शिवून पडलाय, साहेब. मी आले नाही तर नट कपडे बदलताना सगळ्यांना दिसतील."

साहेबांनी हसू दाबण्यासाठी खोकल्याचं सोंग केलं, पण त्यांचे खांदे हलत होते. दोन आठवड्यांनी व्हिसा आला. ताईंनी दुकानात कापडाच्या ताग्याला मिठी मारून गिरकी घेतली, आणि मापं द्यायला आलेल्या बाई दारातच थबकल्या.

वाढदिवस तोवर उलटून गेला होता. ठरल्याप्रमाणे ताईंनी बहिणीची बेल वाजवली. दार उघडलं. धाकटीने दोन्ही हात गालांवर ठेवून, डोळे विस्फारून, सराव केलेलं आश्चर्य सुरू केलं, पण ते अर्ध्यातच निसटलं. ताईंनाही आपलं वाक्य आठवेना. दोघी तिथेच जिन्याच्या पायरीवर बसल्या, एकमेकींच्या खांद्याला धरून, बोलायला जावं की पुन्हा हसू. वरच्या मजल्यावरचे शेजारी वाकून बघून गेले. भाचीने पाणी आणून दिलं, तर तेही दोघींना गिळवेना.