धान गिरणीतलं बी.ए.

युसूफच्या टेलरिंगच्या दुकानात आम्ही जुने कॉलेजवाले बसलो की असंच होतं. कोणी एक गोष्ट काढतो, तिच्यामागून दुसरी निघते आणि चहा निवून जातो. शेवटी युसूफ मशीन थांबवून म्हणतो, "तूच सांग बे, तुह्यापाशी सर्वात जास्त माल हाये!"

ते खरं आहे. आमच्यात सगळ्यात जास्त विषय मीच शिकलो. हुशार होतो म्हणून नाही हो! मी विषय घ्यायचो आणि त्या विषयाचे प्रोफेसर गाव सोडून जायचे. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. कॉलेज नवंकोरं, धान गिरणीच्या गोदामात भरणारं. पुण्याकडचे प्रोफेसर यायचे, ऊन बघायचे, डास बघायचे, कोणाकडून तरी वाघाची गोष्ट ऐकायचे आणि परतीच्या गाडीची वेळ विचारायचे.

मला मात्र बी.ए. व्हायलाच पाहिजे होतं. बाबा आलापल्लीला फॉरेस्ट गार्ड. त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती, म्हणजे सरकारी क्वार्टर जाणार. तिकडे नवीन हायस्कूल निघायचं होतं. बी.ए. झालो असतो तर मास्तर म्हणून लागलो असतो. नाही झालो तर ठेकेदाराच्या डेपोत सागाचे लठ्ठे मोजत जन्म काढायचा. "लवकर हो रे बाप्पा," बाबा दर सुट्टीत म्हणायचे. जसं काही ते माझ्या हातात होतं!

* * *

पहिला विषय घेतला अर्थशास्त्र. सर कोकणातले, अंगानं बारीक. पावसाळ्यात आले आणि महिन्याभरात हिवतापानं त्यांना धरलं. माणूस मोठा प्रामाणिक. ब्लँकेट पांघरून वर्गात यायचे, दात वाजत असताना मागणीचा सिद्धांत समजावायचे. आम्हालाच कसंतरी व्हायचं.

ताप पाळीचा होता. आज आला की उद्या नाही. म्हणून प्राचार्यांनी टाइमटेबलच तापाप्रमाणे लावलं. ज्या दिवशी सरांना ताप नाही त्या दिवशी अर्थशास्त्र!

दसऱ्याच्या सुमारास सरांना रोज ताप यायला लागला आणि विषय बंद पडला. आमची मागणी शिकून झाली होती. पुरवठा राहिला तो राहिलाच.

* * *

पुढच्या वर्षी राज्यशास्त्र. हे सर नागपूरचे, टिकणारे वाटले. जुलैपासून त्यांनी आमच्याकडून मध्यप्रदेशाचा कारभार पाठ करून घेतला. विधानसभा, खाती, सेक्रेटरी, सगळं. तेव्हा आम्ही मध्यप्रदेशात होतो ना! युसूफला तर झोपेतून उठवलं तरी खाती ओळीनं म्हणायचा.

दिवाळीच्या तोंडावर राज्यंच बदलली. आम्ही मुंबई राज्यात गेलो.

सुट्टीनंतर युसूफनं उभं राहून विचारलं, "सर, आता पेपरात कोन्तं राज्य येईन?"

सरांनी फळ्यावरची खाती पुसून टाकली. मग म्हणाले, "तुम्ही दोन्ही पाठ करा."

आणि स्वतः मुंबईला नोकरी शोधायला निघून गेले!

* * *

मराठी आणि इंग्रजी सगळ्यांनाच होतं. मराठीच्या सरांचा आवाज गोड, पण गिरणीपुढे गोड आवाजाचं काय चालणार? धान निघालं की गिरणी दिवसभर धडधडायची. सर घसा फोडून ओरडायचे आणि आम्ही त्यांच्या ओठांकडे बघून लिहायचो.

त्या दिवशी शृंगाररस चालू होता. सर टेबलावर हात आपटून, मानेच्या शिरा ताणून नायिकेची अवस्था सांगत होते. तेवढ्यात पट्टा तुटला आणि गिरणी एकदम बंद पडली. त्या शांततेत सरांचं वाक्य अख्ख्या बाजारानं ऐकलं.

"ती त्याची वाट बघते आहे! दार उघडं टाकून वाट बघते आहे!"

बाहेर बाया सुपानं तांदूळ पाखडत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अगं माय! कोन जी, कोन वाट पायते?"

दुसऱ्या दिवसापासून सर फाटकातून आत आले की बाया सुपं थांबवून विचारायच्या, "आला का जी थो?" सरांनी शृंगाररस तिथंच सोडला आणि वीररस घेतला. त्या वर्षी विद्यापीठाच्या पेपरात शृंगाररसच आला. मी अर्धं पान लिहिलं, तेही दार उघडं टाकण्याबद्दल.

* * *

इंग्रजी स्वतः प्राचार्य शिकवायचे. सज्जन माणूस, कोणाला कधी अरे-तुरे केलं नाही. पण त्यांची शिकवण्याची पद्धत एकच. स्वतः कॉलेजात असताना उतरवलेल्या नोट्स, पानं पिवळी पडलेली. ती ते वाचायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. मान वर करायची त्यांनाही फुरसत नाही आणि आम्हालाही नाही.

एकदा सांगता सांगता ते म्हणाले, "येथे सरांनी विनोद सांगितला. वर्ग हसला. पूर्णविराम."

आम्ही लिहिलं. कोणीही हसलं नाही.

परीक्षेत त्याच नोट्समधला प्रश्न आला. युसूफनं सगळं उत्तर बरोबर लिहिलं आणि शेवटी इमानदारीनं लिहिलं, "येथे वर्ग हसला." युसूफ नापास झाला. पुढं त्यानं कॉलेज सोडलं आणि बापाच्या मशीनवर बसला. आजही कोणाची पँट आखूड झाली की तो गंभीर चेहऱ्यानं म्हणतो, "येथे वर्ग हसला." आम्ही हसतो, पण त्या वेळी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

* * *

मग घेतला इतिहास. हे सर तरुण, मन लावून शिकवणारे. आमच्या वर्गात एटापल्लीकडचा मडावी होता, गोंड, फार कमी बोलायचा. सर एकदा आम्हाला गावाभोवतीच्या जुन्या तटावर, परकोटावर घेऊन गेले. दगडांवरून हात फिरवत गोंड राजांबद्दल तासभर बोलले आणि शेवटी म्हणाले, "अशा रीतीनं हे घराणं संपलं."

मडावी उठला. "सर, संपलं नाई जी. माह्या मामाच्या नात्यात हायेत ते. आता धानाचा रोवणा चालू हाये, सारे बांधीत चिखलात रोपं लावून राह्यले."

सरांनी पुस्तक मिटलं. मडावीला जवळ बसवून मामाचं गाव, नाव, नातं, सगळं विचारलं. इतकं लक्ष देऊन मडावीचं कोणी ऐकलं नव्हतं. त्याचा चेहरा फुलून गेला.

उठताना सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार छान सांगितलंस. पण परीक्षेत मात्र संपलं असंच लिही."

मडावीनं सहामाहीत तसंच लिहिलं आणि तो पास झाला. पण मामाच्या गावी जायला लाजायला लागला. सर होळीला घरी गेले, तिकडूनच त्यांनी राजीनामा पाठवला. माझा इतिहास मराठ्यांपर्यंत आला होता. तिथंच राहिला.

* * *

शेवटी उरलं तत्त्वज्ञान. मी आणि मडावी मिळून चारपाच जण. सर सांगलीकडचे, म्हातारे, सोवळ्यातले. उन्हाळा लागला होता आणि अनुमान शिकवणं चालू होतं. गोदामाच्या खिडकीतून मूल गावाच्या रस्त्याकडचं जंगल दिसायचं. त्या दिवशी तिकडून धूर निघताना दिसला आणि सरांना असा आनंद झाला! शास्त्रातलं उदाहरण आयतंच समोर!

"बघा, धूर दिसतो आहे. यावरून काय सिद्ध होतं?"

अख्खा वर्ग एका आवाजात म्हणाला, "मोहफूल!"

सर गोंधळले. "अहो, धूर आहे. म्हणजे तिथं काय असलं पाहिजे?"

"मोहफूल, सर!"

मडावीनं समजावून सांगितलं. "फुलं पडाच्या वक्ताले झाडाखालचा पाला जाळतेत जी. जमीन साफ असली का फूल दिसते. धूर निंगाला म्हंजे मोहफूल वेचून राह्यले."

"पण मग अग्नी?" सर रडवेले होऊन म्हणाले.

"थो तर असतेच जी. त्याचं काय?"

सरांना ते सहन झालं नाही. स्वतः बघून येतो म्हणाले आणि भर दुपारी छत्री घेऊन पायी निघाले. ऊन लागलं. बैलगाडीतून आणावं लागलं. आठवड्यानं त्यांचा मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलली तसं मला रडूच कोसळलं. सरांना वाटलं, त्यांच्यासाठी रडतो आहे.

* * *

पुढच्या वर्षी बाकीच्यांनी विषय बदलला. मी थकलो होतो हो! आणखी कोणता विषय घेऊ? मी तत्त्वज्ञानातच राहिलो, एकटा. नवीन प्रोफेसर मिळेना. प्राचार्य म्हणाले, "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण विषय बंद पडू द्यायचा नाही. तुम्ही वाचून या आणि मला सांगा. मी ऐकतो."

मग वर्षभर हेच चाललं. मी रात्री वाचायचो आणि सकाळी गोदामात उभा राहून सांगायचो. प्राचार्य बाकावर बसून नोट्स उतरवायचे. "थांबा, हे परत सांगा," म्हणायचे. मी परत सांगायचो.

हिवाळ्यात विद्यापीठाचं पत्र आलं. ज्यांनी हा विषय घेऊन परीक्षा दिलेली नाही त्यांना तो शिकवता येणार नाही. प्राचार्यांनी दोन दिवस विचार केला आणि त्या एका विषयाच्या परीक्षेचा फॉर्म भरला!

नागपूरला आम्ही एकाच डब्यातून गेलो. वर्धा येईपर्यंत मी त्यांची उजळणी घेत होतो. परीक्षेला ते माझ्या मागच्या बाकावर होते. पेपर सुटल्यावर धावतच माझ्याकडे आले, चेहरा पोरासारखा खुललेला. "तो अनुमानाचा प्रश्न तुम्ही सांगितलात तसाच्या तसा लिहिला!"

माझा तोच प्रश्न लिहायचा राहून गेला होता. वेळ पुरला नव्हता.

निकालाचा पेपर युसूफच्या दुकानात आला. प्राचार्यांचा नंबर होता. माझा नव्हता. वरून खाली बघितला, खालून वर बघितला. युसूफनं मशीन थांबवली आणि स्वतः परत एकदा बघितला.

तिसऱ्या दिवशी बाबा लाकडाच्या ट्रकवर बसून चांद्याला आले. खाकी कपड्यातच. महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते. मला म्हणाले, "चाल, मले तुह्या सायबाशी बोलू दे." मी नको नको म्हणत होतो, पण ते सरळ ऑफिसात शिरले.

प्राचार्य खुर्चीतून उठून उभे राहिले. "भाऊ, तुम्हाला काय तोंड दाखवू? तुमच्या मुलानं मला वर्षभर शिकवलं. मी पास झालो आणि तो राहिला."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "यानं शिकवलं तुमाले?"

"हो. फार चांगलं शिकवतो."

"मंग यालेच ठेवा ना जी इथी मास्तर."

"तसं करता येत नाही, भाऊ. त्याला बी.ए. लागतं."

बाबा टेबलाजवळ सरकले. "मंग आता याले शिकवन कोन?"

"मी! आता मला परवानगी मिळाली ना. यंदा परत परीक्षेला बसू द्या त्याला."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि दोन्ही हात जोडले.

"बसवतो जी. क्वार्टर गेलं तरी बसवतो, कसंबी करून. पन सायेब, एक माना माह्यं. यंदा तुमी नोका बसू."