पुऱ्या किमतीची गोळी

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी जागा मिळाली की लोकांना हटकून औषधांच्या किमती आठवतात. पानात बुंदी पडायच्या आत कुणीतरी सुरू करतं, "तुमचं बरंय बुवा मेडिकलवाल्यांचं. दहाचा माल शंभराला." मी मान हलवतो आणि मठ्ठा मागतो.

पूर्वी भांडायचो. किंमत मी छापत नाही, कंपनी छापते. चिठ्ठीवर कुठलं नाव लिहायचं ते डॉक्टर मला विचारून ठरवत नाहीत. दुकानाचं भाडं, लाइट बिल आणि मुदत संपलेला माल माझ्याच बोडक्यावर असतो. हे सगळं सांगून घसा बसायचा आणि समोरचा शेवटी म्हणायचा, "ते खरं हो, पण तुम्ही लुटता." आता भांडगावात हायवेच्या कडेला दुकान टाकून निम्मं आयुष्य गेलं. भांडायची हौस फिटली आहे. टीव्हीवर औषधांच्या किमतींची चर्चा लागली की मी उठून पाणी प्यायला जातो. कंपनीवाला संशोधनाचा खर्च सांगतो, पुढारी गरिबांचं नाव घेतो, आणि गोळी खाणारा माणूस त्या चर्चेत कुठेच नसतो. तो माझ्या काउंटरला टेकून उभा असतो.

आमच्या धंद्यातली मेख सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. साखरेच्या आजाराची एकच गोळी माझ्याकडे दोन खोक्यांत आहे. एक मोठ्या नावाच्या कंपनीची, डॉक्टर लिहितात ती. तिच्या किमतीत टाय लावून उन्हातान्हात हिंडणाऱ्या पोरांचे पगारही आले आणि डॉक्टरांचे पाहुणचारही आले. दुसरी जेनेरिक. औषध तेच, ताकद तीच. पाकिटावरची किंमत पहिलीपेक्षा बरीच कमी, आणि मला ती त्या छापील किमतीच्याही कितीतरी खाली पडते. छापील किमतीपर्यंत कितीलाही विका, कायदा आडवा येत नाही. काही जण पुऱ्या किमतीला विकतात आणि घरावर मजला चढवतात. मी ती खरेदीवर थोडंसं चढवून देतो. साधुसंत म्हणून नाही. एक तर झोप बरी लागते, आणि खरं सांगायचं तर समोर झालेल्या नव्या दुकानानं हाताएवढ्या अक्षरांत 'सूट' असा बोर्ड लावला, म्हणूनही.

माझे सासरे जवळच राहू गावात असतात. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला पाव्हणं म्हणतात. मी मूळचा भीमेकाठचा, कोरेगावचा, म्हणजे शिरूर तालुक्यातला. राहू आणि भांडगाव दौंड तालुक्यातली; त्यामुळे दौंडकरांच्या लेखी मी अजून पाव्हणाच आहे. मामांची सत्तरी उलटली आहे, पण शेवंतीच्या वाफ्यात वाकले की तासभर सरळ होत नाहीत. फूल, ऊस, दोन म्हशी, सगळं व्यवस्थित. पैशाला कमी नाही, पण पैसा सुटताना त्यांच्या बोटांना चिकटतो. आणि एक नियम त्यांनी जन्मभर पाळला आहे: लेकीच्या घरचं फुकट घ्यायचं नाही. आमच्याकडे जेवले तरी जाताना नातवाच्या हातात नोट ठेवतात. म्हणूनच जावयाचं मेडिकल असूनही ते साखरेची गोळी बरीच वर्षं दवाखान्यातल्या दुकानातून घेत होते. नात्यात व्यवहार नको, असं त्यांचं म्हणणं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रक्ताचा रिपोर्ट वाईट आला. पायाला मुंग्या येत होत्या. बायको माहेरी गेली आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मामा गोळी एक दिवसाआड खातात.

"रोज कशापायी?" ते मला म्हणाले. "एवढी भारी गोळी हाय, दोन दिस सहज काम करती."

किमतीकडे बघून त्यांनी ताकद ठरवली होती. मी म्हटलं, जाऊ द्या, आपण स्वस्तातली घेऊ, मग पुरवून पुरवून खायला नको. जेनेरिकचं पाकीट दिलं आणि सगळ्यांना लावतो तो भाव लावला. फुकट घेणार नाहीत हे ठाऊक होतं. मामांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं.

"छापलंय किती आन् तुम्ही देता किती? मंग ह्या कंपनीचं भागतं कसं?"

मी समजावलं. औषध तेच, फक्त नावाचा खर्च नाही. रोज सकाळी एक. मामा म्हणाले, "तुम्ही म्हंता म्हंजी असंल." या वाक्याला मी फसलो. आमच्याकडे जावयाला तोंडावर कुणी खोटं पाडत नाही.

पुढे एका संकष्टीला सकाळी सासूबाईंचा फोन आला. मामा शेवंतीच्या सरीत बसून राहिलेत, घामानं चिंब झालेत, हात थरथरतायत, बोलणं कळत नाही. बायकोच्या हातून मी फोन घेतला आणि ओरडलो, गिळता येत असेल तर साखरेचं पाणी पाजा आणि गाडीत घाला. आम्ही केडगावच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांना सलाइन लावलेलं होतं. साखर पार तळाला गेली होती. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, आणखी थोडा वेळ गेला असता तर कठीण होतं. बायको भिंतीला टेकून उभी होती. तिचं रडणं मला बघवत नव्हतं, कारण पाकीट माझ्या दुकानातलं होतं.

मामा शुद्धीवर आले. डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, गोळ्या किती घेता?"

"दोन."

"दोन कुणी सांगितल्या?"

मामांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. "सांगायचं काय त्यात? फवारनीचं औषध चांगल्या कंपनीचं आसलं तर पंपाला एक टोपन. हलक्या कंपनीचं आसलं तर दोन टाकावी लागत्यात. न्हाई तर पिकावरचा मावा हटत न्हाई. ही गोळी बी हलकीच हाय की. पाव्हणं एवढ्या कमीत देत्यात."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. मला हसू येत होतं आणि संतापही. वर उपास. दोन गोळ्या पोटात, चंद्रोदयापर्यंत अन्न नाही. आणि याआधी आठवडाभर दहाच्या सुमारास हात कापत होते, ते 'औषध लागू पडतंय' म्हणून मामांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

घरी येऊन मी डोकं धरून बसलो. महाग गोळी दिली तर माणूस निम्मी खातो, स्वस्त दिली तर दुप्पट खातो. सांगून काही उपयोग नाही, कारण ते माझ्या शब्दाला मान देतात आणि विश्वास किमतीवर ठेवतात. उपाय बायकोनं काढला. ती तिच्या बापाला पुरती ओळखते.

"त्यांना हीच गोळी दुसऱ्या जेनेरिक कंपनीच्या खोक्यातली, पुऱ्या छापील किमतीला द्या," ती म्हणाली. "एक पैसा सोडू नका. सांगा, ही नवी कंपनी आहे, हिच्यात सूट नसते."

"अगं, सासऱ्याकडून नफा कमवू?"

"वरचे पैसे माझ्याकडे द्या. मी आईला किराणा भरून देईन. पण गोळी एकच गेली पाहिजे त्यांच्या पोटात."

मला ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. पुढच्या वेळी मामा आले तेव्हा मी नवं पाकीट पुढे केलं आणि छापील किंमत सांगितली. त्यांनी नोटा मोजल्या, पाकीट छातीच्या खिशात ठेवलं आणि चेहऱ्यावर समाधान आलं. पहिल्या गोळीइतकी महाग नाही, म्हणून पुरवून खायची गरज नाही; कमी करून मिळाली नाही, म्हणून हलकी नाही. औषधाची योग्य किंमत काय असावी यावर देशभर काथ्याकूट चालू आहे. आमच्या घरात ती एका फूलवाल्या शेतकऱ्यानं अशी ठरवली, आणि रिपोर्ट सुधारला.

सुधारला, हेच तर दुखणं. मामा राहूच्या पारावर सांगू लागले, "आमचं पाव्हणं सख्ख्या सासऱ्याला बी रुपया सोडत न्हाईत. म्हनूनच माल चोख." हे ऐकून एकदोघे राहूहून माझ्याकडे औषध घ्यायला आले आणि मी भाव कमी सांगितल्यावर पाकीट ठेवून निघून गेले. इकडे पंगतीत लोक मला लुटारू म्हणत होते, तिकडे माझ्या लुटीचीच वाखाणणी चालली होती. कुणाशी काय बोलावं हेच कळेनासं झालं.

असं वर्षभर चाललं. मग यवतच्या बाजारच्या दिवशी मामा फुलं देऊन परत जाताना दुकानात आले. मी त्यांना स्टुलावर बसवलं, चहा सांगितला, त्यांचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. त्यांनी पुरे पैसे दिले. तेवढ्यात एक मावशी आल्या. कांद्याच्या चाळीवर निवडणीला जातात, नवऱ्यासाठी तीच साखरेची गोळी माझ्याकडून नेतात. त्यांनी नेहमीसारखी पदराची गाठ सोडली, नेहमीच्या नोटा काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाल्या, "महिन्याच्या द्या, दादा."

नोटा नेहमीच्या, म्हणजे कमी भावाच्या. मामा बघत होते.

मी मावशींना म्हणू शकलो असतो की भाव वाढला. त्यांनी कुरकुर न करता दहा दिवसांच्याच घेतल्या असत्या. बायका तसंच करतात, मी रोज बघतो. उरलेले वीस दिवस त्यांचा नवरा गोळीवाचून राहिला असता आणि मामांचा विश्वास शाबूत राहिला असता. क्षणभर माझा हात खोक्यावर थांबला. मग मला एकदम या सगळ्याचा वीट आला. किमतींचा, सूटबोर्डांचा, माझ्या खोटेपणाचा, मामांच्या हट्टाचा. मी मावशींना महिन्याच्या गोळ्या दिल्या, नोटा गल्ल्यात टाकल्या. त्या गेल्या.

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. आपलं पाकीट उचलून नाव न्याहाळलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण खोक्याचा रंग आणि अक्षराचं वळण ओळखतात.

"त्या बाईला दिली ती माझीच गोळी न्हवं?"

"हो."

"तिला निम्म्याच्या बी आत दिली."

"हो, मामा."

"म्हंजी वरीसभर तुम्ही मला..." ते थांबले. जावयाला तो शब्द लावायला त्यांची जीभ रेटेना.

मी सगळं सांगितलं. वरचे पैसे मी ठेवले नाहीत, तुमच्या लेकीनं घेतले, त्याचाच किराणा तुमच्या घरी येत होता. मला वाटलं, हे ऐकून त्यांचा राग उतरेल. त्यांचा चेहरा आणखी पडला.

"म्हंजी मी लेकीच्या घरचं खात व्हतो, व्हय? तेल, साखर, समदं?"

"तुमचेच पैसे होते, मामा."

"माझं कसलं? गोळी एवढ्याला मिळती, तेवढं गोळीचं झालं. वरचं मी दिलं, पर मला म्हाईत न्हवतं. म्हाईत नसताना दिलं ते दिलं न्हाई."

बाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि दुकानातल्या काचा हलत होत्या. मामांनी पाकीट खिशात घातलं. मग म्हणाले, "मला बी त्या बाईच्या भावात द्या. आजचं वरचं परत द्या."

मी वरचे पैसे परत दिले. त्यांनी खिशात घातले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"आन् आता खरं सांगा. किती खाऊ?"

"एकच, मामा."

"महाग व्हती तवा बी एकच म्हनला. हलकी व्हती तवा बी एकच. पुऱ्या किमतीची दिली तवा बी एकच."

"कारण एकच आहे, मामा. आधीपासून एकच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. सासऱ्यानं जावयाकडे बघावं तसं नाही, गिऱ्हाईक दुकानदाराकडे बघतं तसं. मग "बरं" म्हणाले आणि एस.टी.च्या थांब्याकडे गेले.

पटलं की नाही, मला कळलेलं नाही. रिपोर्ट यायला अजून अवकाश आहे. रोज सकाळी बायको राहूला फोन लावते आणि आईला विचारते, किती घेतल्या. आई म्हणते, एकच घेतली म्हणतात. मामा फोनवर येत नाहीत. बायको फोन ठेवते, माझ्याकडे बघते, आणि मी दुकान उघडायला निघतो.