टोपीबेटापासून दूर

शोभा रामटेकेने ट्रॉयमध्ये वीसेक वर्षं एकच काम केलं, गाडीतला आवाज कमी करण्याचं. डेट्रॉइटच्या त्या उपनगरात आपली निम्मी माणसं गाड्यांच्याच धंद्यात. कुणी ब्रेक बघतं, कुणी बॅटरी. शोभा गोंगाट बघायची. काच लावल्यावर शिट्टी कुठून येते, हायवेवर डॅशबोर्डच्या आत काय खुळखुळतं, हे ती डोळे मिटून सांगायची. हा कान बहुधा वडिलांचा. ते नागपूरला अजनीच्या रेल्वे शेडमध्ये फिटर होते आणि इंजिनाला हात लावण्याआधी त्याचं ऐकून घ्यायचे.

मग एका वसंतात कंपनीने तिचा अख्खा विभाग बंद केला. शोभा छप्पन्न वर्षांची होती. नवीन गाड्या बॅटरीवर चालणार, त्या मुळातच शांत, असं काहीसं कारण सांगितलं गेलं. तिने टेबलावरचं सामान आणि बाबासाहेबांचा छोटा फोटो पिशवीत घातला आणि ती घरी आली. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाला नेहमीप्रमाणे माइक आणि स्पीकर तिनेच लावले, पण वंदना संपून जेवणाच्या पंगतीत बसल्यावर जो भेटेल तो विचारायचा, "मग आता काय, शोभाताई?" चौथ्या माणसाने विचारलं तेव्हा ती ताट घेऊन उठली.

तिचा नवरा सुभाष शांत स्वभावाचा, आयटीतला माणूस. त्याने अलास्काच्या ट्रिपचा विषय काढला. "सगळे जातात ते मोठ्या जहाजाने. स्विमिंग पूल, शो, बुफे."

"सगळे जातात तिथे नको," शोभा म्हणाली. "जिथे ओळखीचं कुणी भेटणार नाही, तिथे जाऊ."

अशी ती दोघं अल्यूशियन बेटांवर पोचली. अलास्काच्या टोकापासून पश्चिमेला समुद्रात ज्वालामुखींची रांगच्या रांग पसरली आहे. तीच ही बेटं. झाड औषधालाही नाही. नुसतं गुडघाभर गवत, वारा आणि धुकं. धुक्यामुळे त्यांचं विमान अँकरेजहून दोनदा कॅन्सल झालं. डच हार्बरच्या धक्क्यावर त्यांचं जहाज उभं होतं, जेमतेम चाळीस प्रवासी मावतील एवढं. नाव 'पेट्रेल', एका समुद्रपक्ष्याचं. सुभाष त्याला शेवटपर्यंत 'पेट्रोल'च म्हणत राहिला.

जहाजावर पक्षी आणि प्राणी दाखवायला अगाफिया नावाची बाई होती. साठीची, ठेंगणी, त्याच बेटांवरच्या मूळ लोकांपैकी. पहिल्या बेटाच्या माथ्यावर ढगाची टोपी बसलेली होती, म्हणून शोभाने मनातल्या मनात त्याला टोपीबेट म्हटलं. तिथे उतरल्यावर काय आवाज! उतारावर हजारो बिळं आणि त्यांतून ऑकलेट नावाच्या छोट्या समुद्रपक्ष्यांचं घुरघुरणं, किलबिल, कटकट. लाल चोचीचे पफिन तोंडात मासे धरून धपकन उतरायचे आणि बिळात शिरायचे. खाली पाण्यात पाणमांजरी पोटावर पिल्लं घेऊन उताण्या तरंगत होत्या.

दुसऱ्या दिवशी अगाफियाने त्यांना शेजारच्या बेटावर नेलं. तसाच डोंगर, तसंच गवत. शोभा थोडं चालली आणि थांबली. वाऱ्याखेरीज काहीच ऐकू येत नव्हतं.

"पक्षी कुठे गेले?" तिने विचारलं.

"माझ्या आजीच्या आजीच्या वेळी इथे एक जहाज फुटलं," अगाफिया म्हणाली. "त्यातले उंदीर पोहत किनाऱ्याला लागले. पक्षी जमिनीत अंडी घालतात. उंदरांनी अंडी खाल्ली, पिल्लं खाल्ली. काही वर्षांपूर्वी सरकारी माणसांनी उंदीर संपवले. आता आम्ही पक्षी परत यायची वाट बघतोय."

शोभा गवतात बसली. आयुष्यभर शांतता विकून तिने घर चालवलं होतं, पण अशी शांतता तिने कधी ऐकली नव्हती. तिला तिथे उगाचच रडू आलं. सुभाष शेजारी बसून राहिला.

परतताना तिने अगाफियाला विचारलं, "पक्षी परत आले, हे कळणार कसं?" बेटावर रेकॉर्डर ठेवले आहेत, पण त्यांत सगळा वारा भरतो, ऐकून ऐकून माणसं कंटाळतात, असं उत्तर आलं. "वारा बाजूला काढणं हे तर माझं पोटापाण्याचं काम होतं," शोभा म्हणाली.

त्या हिवाळ्यात ट्रॉयच्या बेसमेंटमध्ये हेडफोन लावून ती अगाफियाने पाठवलेल्या रेकॉर्डिंगमधला वारा ऐकत बसली. बाहेर बर्फ पडत होता. मुलगी अबोली अटलांटाजवळच्या अल्फारेटाहून फोन करायची. "Mom, are you okay? बाबा म्हणाले तू दिवसभर wind ऐकतेस." मार्चमध्ये वाऱ्याच्या मागे एक बारीक, चिडक्या मांजरीसारखी कुरकुर सापडली. तिने ती अगाफियाला पाठवली. अगाफियाने ती तीनदा ऐकली आणि फोन केला. मग म्हणाली, "हा ऑकलेट आहे. एकटाच आहे, पण आहे."

पुढच्या उन्हाळ्यात अगाफियाच्या सांगण्यावरून 'पेट्रेल'वाल्यांनी शोभाला हंगामाची नोकरी दिली. प्रवाशांना बेटावर उतरवायचं की नाही, कुठे, किती वेळ, आणि जहाजातून उंदीर, बिया, किडे असं काहीही बेटावर जाऊ नये, ही सगळी जबाबदारी तिची. सुभाषने घर सांभाळायचं कबूल केलं.

तिच्या दुसऱ्या हंगामात जहाजावर एक मराठी बाप-लेकीची जोडी आली. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटची प्रणिता आणि तिचे वडील दिगंबर खोब्रागडे. काका चंद्रपूरला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आता लेकीकडेच राहायचे. शोभाला बघून त्यांनी "जयभीम" म्हटलं आणि आडनाव विचारून घेतलं. "मी तीस वर्षं मुलांना नकाशावर ही बेटं दाखवली," ते म्हणाले. "प्रशांत महासागराच्या अग्निकंकणातली. आता प्रत्यक्ष पाय ठेवायचा आहे." त्यांचे गुडघे दुखायचे, पण ते रोज डेकवर फेऱ्या मारून सराव करत होते.

टोपीबेटावर उतरायच्या दिवशी सकाळी शोभा कोठीघरासमोरून जात होती. पीठ, तांदूळ, बटाटे ठेवायची ती खोली. भिंतीच्या पत्र्याआडून तिला काहीतरी करकरल्यासारखं वाटलं. तिने पत्र्यावर बोट आपटलं. आवाज थांबला. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

तिने कॅप्टनला बोलावलं. तो तीस वर्षं समुद्रावर राहिलेला, भला माणूस. त्याने कान लावला. "पाइप असेल."

"पाइप इंजिनाबरोबर वाजतो," शोभा म्हणाली. "हा माझ्या टकटकीला थांबतो."

कोठीच्या कोपऱ्यांत तिने शेंगदाण्याच्या वासाचे मेणाचे ठोकळे ठेवलेले असायचे. उंदीर असला तर त्यांना चावतो. बटाट्यांच्या मागचा ठोकळा तिने बाहेर काढला. कडेला दोन दातांच्या बारीक खोबणी होत्या. बंदरातून निघताना वादळी वाऱ्यात घाईने सामान चढवलं होतं, त्यातूनच तो आला असणार.

कॅप्टनने टोपी काढून डोकं खाजवलं. "होड्या मी स्वतः तपासतो. रिकाम्या, स्वच्छ. माणसं जातील आणि येतील. उंदीर इथे खाली राहील."

"प्रवाशांच्या बॅगा रात्रभर याच बोळात होत्या."

"शोभा, ही माणसं यासाठीच आली आहेत. वर्षभर वाट बघून."

"मला माहीत आहे. म्हणूनच त्यांना मी सांगते, तुम्ही नका सांगू."

कॅप्टनने ठोकळा हातात घेऊन खोबणींवरून नख फिरवलं. मग त्याने जहाज किनाऱ्यापासून लांब न्यायचा हुकूम दिला.

डेकवर सगळे बूट, लाइफजॅकेट घालून तयार होते. टोपीबेट समोर, आणि त्या दिवशी माथ्यावर ढगही नव्हता. शोभाने सांगितलं तेव्हा आधी कुणाला समजलंच नाही. मग कुजबुज सुरू झाली. एक गृहस्थ तोंड फिरवून आत निघून गेले. दिगंबरकाका काठी टेकत पुढे आले आणि मराठीत बोलले.

"एका उंदरासाठी?"

"हो काका."

"अहो, डोळ्यांसमोर आहे. माझं वय काय, पुन्हा कधी येणार मी?" त्यांचा आवाज चढला होता. प्रणिता म्हणाली, "बाबा, please."

शोभाला वाटलं, कुणी हाताला धरून खाली न्यावं. पण ती तिथेच उभी राहिली. "काका, एकच असला तर नशीब. पण ती पोटुशी मादी असली आणि कुणाच्या बॅगेतून उतरली, तर चार-पाच वर्षांत या डोंगरावर काही उरणार नाही. शेजारच्या बेटावर तेच झालं. मी तिथे बसून आले आहे. तिथे काहीच ऐकू येत नाही, काका." तिचा आवाज फुटला. "तुमचा दिवस गेला, त्याचं मला वाईट वाटतंय. फार वाटतंय. पण उतरवणार नाही."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी लाइफजॅकेटचा पट्टा सोडला. "तुम्हाला हे सांगताना सोपं गेलं नाही, एवढं दिसतंय," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

दुपारी अगाफियाने कॅप्टनला दोन बेटांमधल्या सामुद्रधुनीत जहाज न्यायला सांगितलं. तिथे भरती-ओहोटीचे प्रवाह एकमेकांवर आदळतात आणि तळाचं अन्न वर येतं. इंजिन अगदी मंद केलं. आधी क्षितिजावर धुराची रेघ दिसली. ती जवळ आली तेव्हा कळलं, ते पक्षी होते. काळपट, लांब पंखांचे शिअरवॉटर, लाखोंनी. त्यांच्या पंखांची सळसळ जहाजाच्या वरून, दोन्ही बाजूंनी वाहत गेली. त्यांच्याखाली पाणी फुगलं आणि तोंड वासून हंपबॅक देवमासे वर आले, एक, मग तीन, मग मोजायची कुणाला शुद्धच राहिली नाही. त्यांच्या उच्छ्वासाला कुजक्या माशांचा वास होता. तोंड फिरवून गेलेले गृहस्थ नुसत्या मोज्यांवर डेकवर धावत आले.

दिगंबरकाकांनी हातातली काठी प्रणिताकडे दिली आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. "हे पुस्तकात नव्हतं," ते एवढंच म्हणाले.

उंदीर दुसऱ्या दिवशी सापळ्यात मिळाला. नर होता, आणि एकटाच. सापळा बघून कॅप्टन म्हणाला, "म्हणजे उतरलो असतो तरी काही झालं नसतं."

"आज कळलं," शोभा म्हणाली. "काल कुठे माहीत होतं?"

तो हसला. पण पुढच्या फेरीपासून कोठीतलं सगळं सामान झाकणाच्या पत्र्याच्या डब्यांतून यायला लागलं, आणि वादळ असो नसो, शोभाने पाहिल्याशिवाय एक पोतंही चढेनासं झालं. बंदरातल्या दोन मासेमारी जहाजांनी अगाफियाकडून मेणाचे ठोकळे मागून नेले. मुक्या बेटावरच्या रेकॉर्डरमध्ये त्या वर्षी सात-आठ ऑकलेट बोलत होते. अबोलीने त्यांचा आवाज फोनची रिंगटोन म्हणून लावला. ऑफिसात सगळे दचकतात म्हणून मग काढून टाकला.

पुढच्या जूनमध्ये सुभाषही हंगामभर रजा काढून आला. त्याच आठवड्यात प्रवाशांच्या यादीत खोब्रागडे हे नाव होतं. काका एका गुडघ्याचं ऑपरेशन करून आले होते आणि चालणं सुधारल्याचं सगळ्यांना दाखवत होते.

उतरायच्या दिवशी सकाळी शोभा डेकवर पाटावर बसली होती. एकेकाचा बूट मांडीवर घेऊन जुन्या टूथब्रशने शिवणी साफ करत होती. काकांचा नंबर आला.

"कालच धुतलेत मी," ते म्हणाले. "माझ्या बुटात काय सापडणार?"

शोभाने लेसच्या खाली चिमटा घातला आणि एक वाळलेलं, काटेरी कुसळ बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. काकांनी चष्मा वर करून ते नीट न्याहाळलं.

"हे आमच्या फ्रीमाँटच्या टेकडीवरचं गवत," ते म्हणाले. "रोज सकाळी तिथेच फिरतो मी." मग त्यांनी दुसरा बूट काढून स्वतःहून तिच्या हातात दिला, आणि टोपीबेटाकडे तोंड करून मोज्यांवर उभे राहिले.