पट्टीवाल्याच्या हातात कळशी

राजाजीनगरच्या आपल्या मंडळातल्या अक्कांनो, आजचं आजच फळ्यावर लिहितेय, दम धरवत नाही.

सकाळी पाणीपट्टी वसूल करणारा अण्णा दारात आला. आमच्या गल्लीचा नळ महिनाभर कोरडा, आणि हा म्हणतो, "अक्का, स्वल्प पाणी द्या प्यायला."

मी रिकामी कळशीच दिली. "बंगल्यांच्या रस्त्यावर नळ आहे. रांगेत उभे राहा, आम्ही रोज राहतो."

गेला बिचारा! तासाभराने आला तो फिटरला घेऊनच. बंगल्यांना जोरात पाणी मिळावं म्हणून आमचा व्हॉल्व्ह बंद ठेवला होता. पट्टी मात्र दोघांना सारखीच!

व्हॉल्व्ह फिरवला आणि नळ धो धो वाहिला. अण्णासकट सगळे भिजलो. पट्टी मी तिथल्या तिथे भरली. पाणी आल्यावर कोण रडतंय द्यायला?

उद्या तो मागच्या गल्लीत येणार आहे. तिथल्या अक्कांनो, कळशी तयार आहे ना?